गोळी बंद करू नका म्हणता, पण गोळी मिळते का?

मंडळी, आज जरा घरातलं सांगतो. कारण ही गोष्ट फक्त माझ्या घरातली नाही.

आईचं वय ७२. बीपीची गोळी चालू होती. मध्ये तपासलं तर १३०/८० आलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नॉर्मल झालं की! आता कशाला गोळ्या खाता?" आईने गोळी बंद केली, आम्हाला पत्ताच नाही. महिन्याभराने तपासलं तर १९०/११०! ना डोकं दुखलं, ना चक्कर. नशीब म्हणून लकवा टळला.

बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे, गोळी थांबली की ते पुन्हा चढतं, हे तिला कोणी समजावलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. ही आमची चूक.

पण दुसरी बाजूही बघा. सरकारी केंद्रात एका वेळी दहाच दिवसांच्या गोळ्या मिळतात. नऊ किलोमीटर लांब, एसटीच्या दोन फेऱ्या, रांगेत अर्धा दिवस. गुडघे दुखणारी म्हातारी बाई महिन्यातून तीनदा जाणार कशी? उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम २०१७ पासून देशात सुरू आहे. रुग्णाला एका वेळी महिन्याच्या गोळ्या, त्याही घराजवळ, असंच त्यात ठरलंय. मग आपल्या उपकेंद्रात का नाही?

घरात आपण एवढं तर करूया. गोळी रोज ठरल्या वेळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, अर्धा तास आधी चहा नको, मिश्री नको. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचाही नाही. लोणचं, पापड, खारवलेले मासे त्यातच धरा. अंथरुणातून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

आणि पुढच्या ग्रामसभेत रस्ता-गटाराबरोबर हाही विषय मांडूया: उपकेंद्रातच तीस दिवसांच्या गोळ्या. मी अर्ज लिहितोय. सह्या करायला कोण कोण येतंय, खाली सांगा. आणि हो, आज घरी गेल्यावर आई-बाबांना एकदा विचारा, "गोळी घेतली का?"