‘आजीला उद्या घेऊन जा’

दुपारचं लेक्चर सुरू असतं आणि आईचा मेसेज येतो, ‘आजीला उद्या सोडतायत.’ वाचून आधी हुश्श होतं. आठवडाभर घरात पाळ्या लागलेल्या असतात. बाबा ऑफिसमधून थेट हॉस्पिटलात, आई डबा घेऊन रिक्षाने आणि रात्रीची सोबत तुमच्याकडे. संध्याकाळी तुम्ही वॉर्डात पोहोचता तर आजीला नुसतं उठवून बसवायला दोन माणसं लागतायत. घर मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. मग डोक्यात येतं, हिला एवढ्यात कसं सोडतायत? आणि हे विचारायचं तरी कोणाला?

हा विषय तरुणांच्या पानावर कशाला, असं वाटेल. पण अंधेरी ते बोरिवली असो की घाटकोपर ते मुलुंड, अनेक घरांत पेशंटजवळ जास्तीत जास्त तास बसणारं माणूस तुमच्याच वयाचं असतं. आई-बाबांची रजा संपते, तुमचं लेक्चर बुडवता येतं. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा खाटेशेजारी तुम्ही असता. त्यामुळे नेमका प्रश्न विचारण्याची संधीही तुमच्याच हातात असते.

एक गोष्ट आधी मान्य करू. लवकर घरी सोडणं म्हणजे दर वेळी अन्याय नव्हे. म्हातारं माणूस खाटेवर पडून राहिलं की पायातली ताकद झपाट्याने जाते. हॉस्पिटलातला जंतुसंसर्ग होऊ शकतो. अनोळखी जागेत रात्री-अपरात्री भ्रम होतो, माणसं ओळखू येत नाहीत. शिवाय राजावाडी किंवा कूपरसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत एक खाट रिकामी होण्याची वाट दुसऱ्या कोणाचे तरी आजोबा बघत असतात. खाटा अपुऱ्या, हे दुखणं उपनगरांना नवं नाही.

पण सगळंच इतकं निरागस नसतं. सरकारी योजनांत अनेक उपचारांना ठरावीक रकमेचं पॅकेज असतं. पैसे तेवढेच मिळणार असतील तर वाढलेला प्रत्येक दिवस हॉस्पिटलच्या खर्चात जातो. अमेरिकेने १९८३मध्ये ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ योजनेत आजारानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, तेव्हा पेशंटचे हॉस्पिटलातले दिवस कमी झाले आणि ‘कच्चं बरं करून घरी पाठवतात’ ही तक्रारही वाढली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारत योजना सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी खुली झाली आहे. चांगलीच गोष्ट. पण म्हणूनच हा प्रश्न आता घरोघरी येणार.

खरी गोम अशी की ‘तब्येत स्थिर आहे’ आणि ‘घरी न्यायला तयार आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांना बीपी, ताप, टाके दिसतात. तुमचा जिना दिसत नाही. घरात भारतीय पद्धतीचा संडास आहे, दिवसभर आजीजवळ कोणी नसतं, हे केस पेपरवर लिहिलेलं नसतं. ते तुम्हीच सांगायला हवं, भांडून नव्हे, स्पष्टपणे.

म्हणून सही करण्याआधी काही गोष्टी विचारून मोबाइलमध्ये टिपून घ्या. आजी आज स्वतः किती चालू शकते? वॉकर, कमोडची खुर्ची लागेल का? आधीच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद, कोणत्या चालू? काय दिसलं तर वाट न बघता परत आणायचं? रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा? योजनेतून उपचार झाले असतील तर घरी गेल्यावर किती दिवसांची औषधं आणि तपासण्या पॅकेजमध्ये आहेत, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. उत्तरं पटली नाहीत तर ‘अजून एक दिवस ठेवता येईल का? नाही, तर का नाही?’ हे मोठ्या डॉक्टरांना थेट विचारा. पालिकेच्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक आणि वैद्यकीय अधीक्षकांपर्यंत जाता येतं.

आणि एक कागद नीट वाचा. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ असा फॉर्म असतो. तुम्ही स्वतःहून नेत नसाल तर त्यावर सही करू नका. निर्णय डॉक्टरांचा असेल तर कागदावरही तसंच असायला हवं. मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रं द्यावीत, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२चे नियम सांगतात. खासगी रुग्णालयांसाठी महाराष्ट्राने २०२१मध्ये नियम सुधारले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. पुढच्या वेळी लॉबीत बसून रील्स बघताना ती भिंतीवर आहे का, तेही बघा.

सगळा भार नातेवाइकांवर टाकूनही चालणार नाही. वयस्कर पेशंटला सोडायचं असेल तर किमान एक दिवस आधी सांगावं आणि कोणीतरी दहा मिनिटं बसून सगळं मराठी-हिंदीत समजावून द्यावं, एवढी अपेक्षा जास्त नाही. कॉलेजांच्या एनएसएस युनिट्सनी जवळच्या रुग्णालयात हे काम हाती घेतलं, तर श्रमदानाचे तास यापेक्षा चांगले कुठे लागतील?

आज घरी जाताना एक करा. तुमच्या मजल्यापर्यंत पायऱ्या किती आहेत, ते मोजा. कधीतरी डॉक्टरांना तो आकडा सांगावा लागेल.