मैदान कोण झाडतं?

थंडी पडली की अचलपूर-परतवाड्यात संध्याकाळी कबड्डीचे डाव रंगतात. याच दिवसांत कॅनडात मोहल्ल्यातले लोक रात्री मोकळ्या जागेवर पाणी मारून बर्फ जमवतात आणि मुलांना स्केटिंगसाठी मैदान करून देतात. आपल्याकडे पाणी मारायचं ते धूळ बसावी म्हणून. काम मात्र तसंच: रोजचं, बिनपैशाचं आणि बहुतेक वेळा एक-दोघांच्याच गळ्यात पडलेलं.

ते दोघं थकले की मैदान बंद आणि मुलं मोबाइलवर. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं चांगली दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याची गोळी माझ्याकडे नाही.

न झाडलेलं मैदानही धोक्याचंच. धुळीने दमा असलेल्या मुलाला धाप लागते, काच-खिळ्याने जखम होते. अशी जखम साबणाने, वाहत्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. हळद दाबून घरी बसू नका. गारठ्यात खेळण्याआधी दहा मिनिटं अंग मोकळं करायला लावा.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये सुरू झालं आणि 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवून आलं. अशी कामं एकट्याने होत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: तुमचं मूल तिथं खेळत असेल, तर आठवड्यातून एक पाळी तुमची. झाडू, बादली, अर्धा तास. तुमचाही व्यायाम होईल.