गडग्यांच्या फटी बुजवू नका

कोकणात आगराच्या, परसाच्या आणि कलमांच्या बागेच्या हद्दीवर जांभ्याचे ओबडधोबड दगड चुन्यावाचून एकावर एक रचून पिढ्यान्‌पिढ्या घातलेले गडगे म्हणजे केवळ मालकीची निशाणी आणि गुरांना अटकाव, एवढेच समजून ते उतरविण्याचा आणि त्या जागी गिलाव्याच्या पक्क्या भिंती उभारण्याचा जो उद्योग सांप्रत गावोगाव चालला आहे, त्यास माझी स्पष्ट हरकत आहे.

उन्हाने तापलेला जांभा सूर्यास्तानंतरही बराच वेळ ऊब धरून ठेवतो, आणि आतल्या पोकळीत मात्र भर वैशाखातही गारवा व किंचित ओल टिकून असते. ही दोन्ही सुखे वीतभर अंतरावर लाभत असल्यामुळेच सकाळी सापसुरळी फटीच्या तोंडाशी अंग शेकत पडते, रात्री पालींच्या मागावर कवड्या साप निघतो, आणि एखाद्या खोल खोबणीत दयाळ किंवा पिंगळा संसार थाटतो. कुंभारीण माशीचे काम तर जवळ बसून पाहावे. ती खोबणीत बारीक धाग्याने अंडे टांगते, नांगीने बधिर केलेल्या, पण जिवंत असलेल्या अळ्या एकेक करून आत भरते आणि ओल्या मातीने तोंड लिंपून टाकते, जेणेकरून आपण कधीही न पाहणार असलेल्या अपत्यास ताजे अन्न मिळावे. दगडांच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवांची आपली माहिती अजून अपुरीच आहे; सड्यावरच्या सुट्या दगडांखाली राहणारी पांढऱ्या पट्ट्यांची एक पाल शास्त्राच्या दप्तरी दाखल झाली ती १९६३ साली, आणि तीही रत्नागिरी जिल्ह्यातूनच.

याच फटींत विंचू आणि फुरसे असतात, हे मी नाकारीत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा गुण दाखवून १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती हकीकत प्रसिद्ध केली, त्यापूर्वी लाल विंचवाने कोकणातली किती घरे उजाड केली, हे जुन्या माणसांना सांगावयास नको. म्हणून उंबरठ्यालगतची भिंत लिंपून घ्यावी, रात्री बॅटरीवाचून बाहेर पडू नये, दगडांत हात घालण्यापूर्वी काठी फिरवावी. परंतु या भयास्तव बागेचा आणि पाखाडीच्या कडेचा सारा गडगा जमीनदोस्त करणे मला समर्थनीय वाटत नाही. शिवाय आषाढाचे पाणी गडग्यातून पाझरून निघून जाते. पक्क्या भिंतीला वाट ठेवली नाही, तर तेच तिच्या पाठीशी तुंबून तिला ढकलू लागते.

ग्रामपंचायती आपल्या अंदाजपत्रकात संरक्षक भिंतींची तजवीज करतात, तशीच ढासळलेले गडगे पुन्हा रचून घेण्याच्या मजुरीचीही करावी, आणि हे काम पाऊस सरल्यावर, पाखरांची पिल्ले उडून गेल्यानंतर, त्याच दगडांनी आणि सिमेंटाचा एक थापाही न देता, गडगा रचणे ज्यांच्या हातात अद्याप आहे अशा गावातल्याच वृद्ध गड्यांच्या देखरेखीखाली तरुणांकडून करवून घ्यावे.