सुशोभीकरण नको, डावी लेन द्या!

रविवारी पहाटे साडेपाच-सहाला पाम बीच रोडवर एकदा येऊन बघा. वाशी ते बेलापूर, साधारण दहा किलोमीटरचा सलग, सपाट रस्ता. एका बाजूला खारफुटी आणि खाडी, दुसऱ्या बाजूला टॉवर्स. अंधारात लुकलुकणाऱ्या लाल दिव्यांच्या रांगा दिसतील. त्यात रिटायर झालेले काका-काकू असतात, फर्स्ट इयरची पोरं असतात, वाशीचा खाडीपूल ओलांडून मुंबईहून आलेले ग्रुप असतात. आणि या सगळ्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावरून गाड्या सुसाट जात असतात. नव्या गाडीचा पिकअप चेक करायला नवी मुंबईकरांना हाच रस्ता आठवतो!

२८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे याच रस्त्यावर, नेरूळला, अवतार सैनी यांना भरधाव कॅबने धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. ते ६८ वर्षांचे होते, चेंबूरहून मित्रांसोबत सायकलवर आले होते. इंटेल इंडियाचे ते माजी प्रमुख. आपल्या घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरवर ज्या ‘पेंटियम’चा स्टिकर असायचा, तो प्रोसेसर घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. चार दिवस बातम्या आल्या, ग्रुपवर श्रद्धांजलीच्या पोस्ट पडल्या, मग सगळं शांत झालं.

असं काही घडलं की चर्चा ठरलेल्या वळणावर जाते. ‘सायकल ट्रॅक झाला पाहिजे.’ मग डोळ्यांपुढे एक चकाचक चित्र येतं. खाडीकाठी रंगीत ट्रॅक, डिझायनर दिवे, सिमेंटचे फ्लेमिंगो आणि ‘आय लव्ह’वाला सेल्फी पॉइंट. मी स्वतः सायकल चालवते, तरी मला हा ट्रॅक नको आहे. आहे त्या रस्त्याची डावी लेन मला हवी आहे.

खाडीत अजून सिमेंट कशाला?

पहिलं कारण खाडीच आहे. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. खारफुटीची कत्तल बेकायदा आहे आणि तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा राहिला पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आता पाम बीचच्या खाडीकडच्या बाजूला उभं राहून डोळ्यांनी ५० मीटर मोजा. नवा ट्रॅक टाकायला जागा उरते कुठे? जे बघायला आपण पहाटे उठून जातो, त्याच्यावरच भराव टाकायचा, हा कुठला निसर्गप्रेमाचा प्रकार?

दुसरं कारण व्यवहाराचं. असे सुटे ट्रॅक कुठूनतरी सुरू होतात आणि कुठेतरी संपतात. मध्ये एखादी पार्क केलेली बाइक, नारळपाण्याची गाडी, फॅमिली वॉक. प्रत्येक चौकात सायकल पुन्हा मेन रोडवर येणार, आणि वळणाऱ्या गाड्यांचा खरा धोका तर चौकातच असतो.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सायकलवाला म्हटलं की आपल्याला गॉगल आणि टाइट जर्सीवाला माणूस दिसतो. पण या शहरात त्याच्याही आधी सायकल काढतो तो पोंगा वाजवत येणारा इडलीवाला अण्णा. पेपर टाकणारा मुलगा, नाइट शिफ्ट संपवून घरी निघालेला वॉचमन, तुर्भ्याच्या मार्केटकडे जाणारा कामगार. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांना मी विचारलं, सायकलला मागे लाल दिवा का नाही लावत? ते म्हणाले, “दिवा लावीन गं बाळा, पण ज्याचं लक्ष मोबाइलमध्ये आहे त्याला तो दिसायला हवा ना?” खाडीकाठचा शोभेचा ट्रॅक या काकांच्या काहीच कामाचा नाही, कारण त्यांना खाडी बघायची नसते, घरी पोचायचं असतं. अशा एखाद्या काकांना गाडी उडवून गेली, तर त्याची चार दिवस काय, चार ओळींची बातमी तरी होईल का?

प्रश्न वेगाचा आहे

अकरावीचं फिजिक्स आठवा. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणजे ताशी ३० ऐवजी ६० ने येणारी गाडी चौपट ऊर्जेने आदळते, आणि ९० ने येणारी नऊपट. पाम बीचला पहाटे ९० हा काही फार मोठा आकडा नाही. सायकलवाल्याला हेल्मेट घाल, जॅकेट घाल, रिफ्लेक्टर लाव असं सांगणं बरोबरच आहे, पण नऊपटीच्या पुढे थर्माकोलचं हेल्मेट किती टिकणार?

म्हणून मागणी साधी आहे. रोज पहाटे ५ ते ८ डावी लेन सायकलींसाठी. प्लास्टिकचे कोन लावायचे आणि आठ वाजता उचलायचे. वेग मोजणारे कॅमेरे चालू ठेवायचे आणि दंडाची पावती खरंच घरी पोचवायची. रविवारी त्याच तीन तासांत एका बाजूचा अख्खा रस्ता गाड्यांना बंद. गाड्यांसाठी सायन-पनवेल हायवे आहे, नोडच्या आतले रस्ते आहेत. पहाटे तिथे ट्रॅफिक जॅम होत नाही.

यात नवीन काहीच नाही. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून हे सुरू आहे. दर रविवारी तिथले शंभरहून जास्त किलोमीटरचे रस्ते काही तास माणसांना आणि सायकलींना मिळतात. गुरुग्रामने २०१३ मध्ये ‘राहगिरी’ सुरू केली. आणि आपल्या शेजारच्या मुंबईने मार्च २०२२ मध्ये ‘संडे स्ट्रीट’साठी मरीन ड्राइव्हसारखा रस्ता मोकळा केला होता. मरीन ड्राइव्ह थांबू शकतो, तर पाम बीचला काय झालं?

पाम बीच ही फक्त सुरुवात

हा हट्ट एका रस्त्यापुरता नाही. नवी मुंबईच्या एका हाताला खाडी आहे, दुसऱ्या हाताला पारसिकची डोंगररांग. खारघरच्या टेकड्या, पनवेलपलीकडे कर्नाळ्याचं जंगल, आणि त्याहून भारी म्हणजे समुद्राकाठाने थेट मुरूड. आम्ही चौघींनी गेल्या डिसेंबरात तो रूट केला. बेलापूरहून उरण, पुढे करंजा. तिथून लाँचमध्ये सायकली चढवून पलीकडे रेवस. मग अलिबाग, रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल, डावी-उजवीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, कोर्लईचा किल्ला, काशीद. काशीद ते मुरूडच्या पट्ट्यात रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला फणसाड अभयारण्याची झाडी. चढावर आम्ही चौघी धापा टाकत होतो आणि वर शेकरूसाठी मान वाकडी करत होतो. शेकरू दिसली नाही. पण दोन दिवसांत पेट्रोल शून्य, आणि वाटेत प्रत्येक गावात कुणीतरी विचारणारं, “कुठून आलात गं पोरींनो?”

या संपूर्ण ट्रिपमध्ये भीती वाटली ती एकाच टप्प्यात. समुद्र नाही, जंगल नाही, आपल्याच शहरातून उरणकडे बाहेर पडताना. बंदराचे कंटेनर ट्रेलर अंगावरून जातात, आणि कडेला सायकलसाठी पांढरी पट्टीसुद्धा नाही. म्हणून आपल्याकडे ज्यांना परवडतं ते कारच्या मागे स्टँड लावून सायकल शहराबाहेर नेतात. ज्या कॉलेजवाल्याकडे कार नाही, त्याने काय करायचं? जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते. ठरावीक गाड्यांत, गर्दी नसलेल्या वेळी, सायकल नेण्याची सोय केली तर हा टप्पाच टळेल. नागपूर मेट्रोत सायकल घेऊन बसता येतं, मग इथे का नाही?

आता काही जण म्हणतील, सायकलवाले तरी कुठे शिस्तीत असतात? खरंय. चौघांची आडवी रांग करून गप्पा मारत जाणारे ग्रुप मी रोज बघते, सिग्नल तोडणारेही बघते. लेन मिळाली तर ती पाळायची जबाबदारी आपली, त्यात वाद नाही. पण सायकलवाल्याने नियम मोडला तर बहुतेक वेळा जीव त्याचाच जातो. गाडीवाल्याने मोडला तर दुसऱ्याचा जातो. दोन्ही चुका एका तराजूत तोलता येणार नाहीत.

आणि हो, नुसती मागणी करून आपलं काम संपत नाही. इंजिनीअरिंगवाल्यांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून पाम बीचवर एक आठवडा पहाटे गाड्यांचा वेग मोजावा. एनएसएसवाल्यांनी त्या वेळात किती सायकली जातात ते मोजावं. त्यात इडलीवाले आणि वॉचमन वेगळे लिहावेत. आमच्यासारख्या मास मीडियावाल्यांनी गटाराच्या तुटक्या जाळ्यांचे आणि उखडलेल्या कडांचे फोटो तारखेसकट जमवावेत. मग हे सगळं घेऊन महापालिकेत आणि ट्रॅफिक पोलिसांकडे जाऊ. महापालिकेचं मुख्यालय शोधायला लांब जावं लागणार नाही, ते पाम बीच रोडच्या बेलापूरकडच्या टोकालाच आहे. फक्त तिथे सायकलवरून जाऊ, आणि उजेड पडल्यावर जाऊ.