जानेफळकरांनी वाचावा असा इराण

मेहकरचा बालाजी आणि लोणारचं सरोवर पाहिलेल्या जानेफळच्या तरुणांनी आता इराणचं स्वप्न पाहावं. महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा हा देश नुसत्या युद्धाच्या बातम्यांतून कळणार नाही. अझेरी, कुर्द, लूर, बलुच, अरब असे कितीतरी समाज तिथे नांदतात. दमावंद शिखराची उंची ५,६०० मीटरहून जास्त, म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी कमीच पडतील. सम्राट दारियसने उभारलेलं पर्सेपोलिस अडीच हजार वर्षांचं आहे. याझ्दच्या अग्यारीत जरथुश्त्री अग्नी आजही तेवतो, इस्फहानमध्ये आर्मेनियन ख्रिश्चनांचं कॅथेड्रल दिमाखात उभं आहे. इतकं वैविध्य जपणाऱ्या भूमीला एकाच रंगात रंगवणं अन्यायाचं आहे. तिथला प्रवास मात्र युद्धाची परिस्थिती निवळल्यावरच करावा. तोवर मीना प्रभूंचं ‘गाथा इराणी’ हे प्रवासवर्णन मिळवून जरूर वाचा.