त्या सहा जणी आणि आपला मोहल्ला

गेल्या जुम्म्याला नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर एक कागद फिरत होता. नगरपरिषदेला द्यायचं निवेदन. आमच्या मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर एक दुमजली घर बरीच वर्षं बंद आहे; मालक कुवेतला असतो. ते घर एक संस्था भाड्याने घेणार आहे. मनोरुग्णालयात उपचार घेऊन बऱ्या झालेल्या सहा महिला तिथे राहतील, सोबत दिवसरात्र मदतनीस बाई असेल. निवेदनात लिहिलं होतं, 'ही वस्ती कुटुंबवाल्यांची आहे, सबब येथे वेड्यांचे घर नको.'

मी उर्दू-मराठीचा मास्तर, म्हणून कागद माझ्या हातात आला. शुद्धलेखन तपासायला आणि सही करायला. शुद्धलेखन तपासलं, सही केली नाही. का केली नाही, हे त्या गर्दीत मला धड सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितो.

आधी हे कबूल करतो की भीती मलाही वाटली. माझी मुलगी आठवीत आहे. शिकवणीहून येताना ती त्याच घरावरून येते. त्यामुळे सही करणाऱ्यांना मी दगडाच्या काळजाचं म्हणणार नाही. यातल्याच लोकांनी लॉकडाउनमध्ये घरोघरी रेशन पोचवलं होतं. पण भीती खरी असली, तरी तिचं कारण खरं असतंच असं नाही.

या बाया कोण आहेत? ज्यांचा आजार आटोक्यात आहे, डॉक्टर घरी जा म्हणतात, पण ज्यांना घरच उरलेलं नाही. कुणाला नवऱ्याने सोडलं, कुणाचे भाऊ पत्ता बदलून बसले. आपण रक्तदाबाची गोळी घेऊन शाळेत, दुकानात जातो, तशा या गोळी घेऊन स्वयंपाक करतात, शिवण शिवतात. आणि मानसिक आजार असलेला माणूस दुसऱ्याला मारतो त्यापेक्षा जास्त वेळा तो स्वतःच मार खातो, फसवला जातो. भीती वाटायचीच तर ती त्यांना आपली वाटायला हवी.

कायदाही स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 19 सांगतं की अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. घरच्यांनी स्वीकारलं नाही किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणासाठी त्याला रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशी घरं उभी करणं किंवा त्यांना साहाय्य देणं ही त्या कायद्याने सरकारवर टाकलेली जबाबदारी आहे. चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने तर साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरांत चार-पाच जणींना एकत्र राहायला देऊन हे करून दाखवलं आहे.

ओट्यावर एक चाचा म्हणाले, "सर, असल्यांची सोय दर्ग्याला असते की!" चाचांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला एरवाडी आठवलं. तमिळनाडूतल्या त्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे आग लागली. आतल्या रुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. 28 जण गेले. 'आमच्या दारात नको, दुसरीकडे कुठेतरी' म्हणतो तेव्हा ते 'दुसरीकडे' असं असू शकतं.

आपली परंपरा याहून मोठी आहे. सुलतान कलाऊनने 1284-85 मध्ये कैरोत बीमारिस्तान बांधला. तिथे मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता, खर्च वक्फमधून चालत असे. आणि तो शहराबाहेर, माळावर नव्हता. ऐन मध्यवस्तीत, हमरस्त्यावर होता. शेजाऱ्याच्या हक्कांवर आपल्याकडे दर रमजानला बयान होतं. सूरह निसामध्ये नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही चांगलं वागायला सांगितलं आहे. परका शेजारी आपण निवडून घ्यायचा, असं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही.

आता जरा कडू बोलतो. बीएड करून पहिली नोकरी लागली तेव्हा मी दुसऱ्या शहरात खोली शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ. शेवटी नाव विचारायचे. नाव सांगितलं की खोली 'आत्ताच गेलेली' असायची. एका घरमालकाने निदान खरं सांगितलं, "तुम्ही चांगले असाल हो, पण सोसायटीचे लोक ऐकत नाहीत." ही गोष्ट आपल्यापैकी कुणाच्या घरात घडलेली नाही? तेव्हा आपण म्हणत होतो, मला भेटा, माझ्याशी बोला, मग ठरवा. आज त्या सहा जणींना न भेटता आपण तेच वाक्य निवेदनात लिहितो आहोत. फक्त आता सोसायटीचे लोक आपण आहोत.

याचा अर्थ तोंड बंद ठेवा असा नाही. संस्थेने आधी येऊन वस्तीशी बोलायला हवं होतं, ही तक्रार रास्त आहे. म्हणून मी दुसरा कागद लिहिला. त्यात प्रश्न आहेत. रात्री घरात जबाबदार कोण असेल? काही अडचण आली तर फोन कुणाला करायचा आणि तो उचलेल कोण? डॉक्टर किती दिवसांनी येणार? घराच्या मागची गटार तुंबते, ती आधी दुरुस्त होणार का? त्या बायांना कुणी त्रास दिला, तर त्यांनी कुणाकडे जायचं? हे विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. घर कसं चालेल हे विचारू या. त्यांनी इथे राहावं की नाही, हे ठरवणारे आपण नव्हेत.

रविवारी संस्थेचे लोक शाळेच्या हॉलमध्ये येणार आहेत. पहिल्या कागदावर परवापर्यंत बासष्ट सह्या होत्या, माझ्या कागदावर चार. काल अम्मीला दोन्ही कागद वाचून दाखवले. तिने विचारलं, "त्या बायकांना स्वयंपाक येतो का?" म्हटलं, येत असेल. ती म्हणाली, "मग ईदला शिरखुर्मा आपल्याकडून पाठवू, पुढचं त्या बघतील," आणि माझ्या कागदावर अंगठा उठवला.

पाच झाल्या. रविवारी तुम्हीही या. सही नंतर करा, आधी त्यांचं म्हणणं ऐकून घ्या.