डब्यात डबा उघडायचा की नाही?

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सुट्टी संपवून देवळीहून वर्ध्याला आले आणि तिथून पुण्याची गाडी पकडली. आयुष्यात पहिल्यांदाच एसी चेअर कारचं तिकीट काढलं होतं. पैसे वाचवायला तिकीट काढतानाच ‘जेवण नको’वर टिक केलं. आईनं डबा दिला होता. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा.

दुपारी आजूबाजूला ट्रे आले. सगळे फॉइल उघडून जेवायला लागले. मी बॅगेची चेन अर्धी उघडली, ठेच्याचा वास आला आणि चेन परत लावली. शेजारच्या सीटवर लॅपटॉप घेतलेले एक गृहस्थ होते. ते काय म्हणतील? रात्री पुण्याला उतरेपर्यंत मी एका बिस्किटाच्या पुड्यावर काढले. वाटेत आईचा फोन आला, ‘डबा खाल्ला का?’ मी म्हटलं, ‘हो.’ रूमवर डबा उघडला तेव्हा भाजी आंबली होती.

आता मला सांगा, मला कुणी मनाई केली होती? कुणीही नाही. रेल्वेत घरचा डबा खाऊ नका असा नियम नाही. नियम माझ्याच डोक्यात होता.

असा नियम खरोखर असतो तो क्रूझवर. २०२१च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून ‘कॉर्डेलिया’ सुरू झाली, तेव्हापासून क्रूझचे रील्स आपल्याही मोबाइलवर दिसायला लागले. तिकिटात जेवण धरलेलं, बुफे कायम भरलेला. पण जगातल्या बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या घरी शिजवलेलं अन्न जहाजावर आणू देत नाहीत. सीलबंद पाकीट तेवढं चालतं. यामागे एक खरं कारण आहे. बंद जहाजावर नोरोव्हायरससारखा पोटाचा आजार शिरला तर तो झपाट्यानं पसरतो. दुसरं कारण धंद्याचं. तुम्ही घरून आणलंत तर त्यांच्याकडून विकत काय घेणार?

२०१५ साली ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’नं आधी कॅबिनमध्ये जेवण मागवायला ७.९५ डॉलर लावले. मग त्याच वर्षी बुफेतलं ताट घेऊन कॅबिनमध्ये जायलाही बंदी घातली. पण कॅबिनमध्ये कोण जेवतं? ज्याचं लेकरू झोपलंय, ज्याला समुद्र लागलाय, ज्याला चारचौघांत काट्याचमच्यानं खायचा संकोच वाटतो. प्रवासी भडकले आणि काही दिवसांतच ताटावरची बंदी मागे घ्यावी लागली. पैसे मात्र राहिले. दोन वर्षांनी ‘रॉयल कॅरिबियन’नंही तेवढेच पैसे लावले.

तुम्ही म्हणाल, देवळीच्या पोरीला क्रूझचं काय पडलंय? बरोबर आहे. आपल्या गावात साधी रेल्वे यायला २०२४ उजाडलं. २८ फेब्रुवारीला वर्धा-कळंब मार्ग सुरू झाला आणि देवळी रेल्वेच्या नकाशावर आलं. पण जहाजावर जे झालं तेच रुळांवरही हळूहळू होतंय, म्हणून लिहितेय.

क्रम बघा. राजधानी-शताब्दीच्या तिकिटात पूर्वी जेवणाचे पैसे सक्तीनं धरलेले असायचे. २०१७मध्ये ‘जेवण नको’ म्हणायची सोय बऱ्याच गाड्यांत आली. चांगला बदल होता. २०२०मध्ये कोरोनामुळे गाडीतलं शिजवलेलं जेवण बंद झालं, ते पूर्ण सुरू व्हायला २०२२चा फेब्रुवारी लागला. त्याच वर्षी एका प्रवाशाचं चहाचं बिल व्हायरल झालं. चहा २० रुपयांचा आणि सर्व्हिस चार्ज ५० रुपये! एकूण ७०. कारण काय, तर त्यानं चहा आधी बुक केला नव्हता. ओरड झाल्यावर जुलै २०२२मध्ये चहा-पाण्यावरचा हा जादा आकार गेला. नाश्ता आणि जेवणावर मात्र, आधी बुक केलं नसेल तर, ५० रुपये जास्त हे राहिलंच.

म्हणजे ‘नको’ म्हणायचा हक्क आहे, पण मत बदललं तर दंड आहे. आणि ज्याच्याकडे डबा आहे त्याला हा दंड लागत नाही. डबा ही नुसती आईची माया नाहीये दोस्तांनो, ती आपली सौदा करायची ताकद आहे. सगळ्यांनी लाजून डबे बॅगेत ठेवले, तर उद्या ‘डबा कोणी आणतच नाही’ म्हणून ‘नको’चा ऑप्शनही निघून जाईल. तेव्हा आपल्याला विचारायलाही कुणी येणार नाही.

हं, सगळेच नियम वाईट असतात असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये एक मराठी बाई एसी डब्यात चार्जिंग पॉइंटला किटली लावून मॅगी करतानाचा व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. मध्य रेल्वेनं कारवाई करतोय असं जाहीर केलं आणि ते योग्यच होतं. तो पॉइंट मोबाइलसाठी आहे. त्यावर किटली लावली तर आग लागू शकते, आणि आग माझं सीट, तुमचं सीट असं बघत नाही. नियम जिवासाठी असेल तर मुकाट्यानं पाळायचा. नियम कुणाच्या गल्ल्यासाठी असेल तर प्रश्न विचारायचा. हा फरक आपल्याला कळला पाहिजे.

एक मैत्रीण म्हणाली, ‘बंद एसीत ठेच्याचा वास दुसऱ्यांनी का सहन करायचा?’ मुद्दा बरोबर आहे. पण ट्रेमधल्या पनीरच्या भाजीलाही वास असतोच ना? त्याला आपण ‘जेवणाचा वास’ म्हणतो आणि ठेच्याला नुसता ‘वास’. डबा उघडा, खाऊन लगेच बंद करा, खाली सांडलेलं उचला, कागद कचरापेटीत टाका. सहप्रवाशाला एवढं देणं आपण लागतो. लाज देणं लागत नाही.

आणि एक गोष्ट विसरू नका. ट्रे हवा की नको, हा प्रश्नच ज्यांना कुणी विचारत नाही असे लोक दुसऱ्या गाड्यांच्या जनरल डब्यात कोंबलेले असतात. जुलै २०२३पासून रेल्वेनं काही स्टेशनांवर जनरल डब्यासमोर २० रुपयांत पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचं द्यायला सुरुवात केली. हे ‘काही स्टेशनांवर’ न राहता सगळ्या मोठ्या स्टेशनांवर हवं. ऑगस्ट २०२५मध्ये नागपूर-पुणे वंदे भारत सुरू झाली तेव्हा आपल्या स्टेटसवर तिचेच फोटो होते. त्या २० रुपयांच्या पुऱ्यांचा फोटो कुणी टाकला होता का? मीही नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तिकीट काढताना ‘जेवण हवं’ ही टिक आधीपासून केलेली असेल तर किंमत वाचा, आणि नको असेल तर काढा. जादा पैसे घेतले तर बिल मागा. त्या २० रुपयांच्या चहाचा नियम एका बिलाच्या फोटोमुळे बदलला, हे लक्षात ठेवा.

येत्या उन्हाळी सुट्टीनंतर मी परत त्याच गाडीनं जाणार आहे. आईला सांगून ठेवलंय, ठेचा दे. आणि भाकरी दोन जास्त दे, शेजारचा लॅपटॉपवाला उपाशी असला तर त्यालाही विचारीन. या वेळी आईचा फोन आला की खरं उत्तर द्यायचंय.